संचिताच्या नावावर

रविवार, ७ जानेवारी २०२४

लॅपटॉप गेला. सकाळी चहा घेऊन बसलो, बटण दाबलं, आत पंखा फिरला आणि स्क्रीन काळीच राहिली. गोखले रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि पोह्यात मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज सांगितलं की डिस्क गेली.

पेनड्राइव्हवरची प्रत एकोणतीस डिसेंबरची आहे. म्हणजे नऊ दिवसांचं काम पाण्यात. अडीच वर्षं मी रोज पहाटे पाच ते सात बसून हा प्रोग्राम लिहितोय. छोट्या पॅथॉलॉजी लॅबसाठी आहे. रक्त-लघवीच्या तपासणीचे आकडे भरायचे, प्रोग्राम ते वयाप्रमाणे नॉर्मल आहेत का बघतो, नसतील तर ठळक करतो आणि रिपोर्ट छापतो. माझी बायको संचिता इथेच नौपाड्यात डॉ. नीला राजवाडे यांच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिथला जुना प्रोग्राम किती छळतो हे ती रोज जेवताना सांगायची, त्यावरून मला हे सुचलं. रिपोर्टचे नमुने तिने वाण्याकडच्या पुड्यांच्या कागदांवर काढून दिले, कुठल्या वयाला कुठली रेंज हेही तिनेच बसून भरलं, पण ते झालं माहितीचं काम. लिहिणं वेगळं.

ही डायरी औषध कंपनीच्या माणसाने तिला दिलेली. म्हटलं यात लिहावं, निदान कागद तरी क्रॅश होत नाही.

मंगळवार, ९ जानेवारी

कोड आता ऑनलाइन कुठेतरी ठेवायचा. अटी तीन. फुकट हवं, कारण अजून एकही लॅब पैसे देत नाही आणि नसलेल्या धंद्यावर मी खर्च करणार नाही. दुसरं, खासगी हवं. तिसरं, माझं नाव कुठे दिसता कामा नये.

तिसऱ्या अटीचं कारण वागळे इस्टेटमधली माझी कंपनी. आमच्याकडे दर एप्रिलला एक फॉर्म येतो, बाहेर कुठलंही काम करत नाही म्हणून. मी सही करतो. करारात असंही आहे की नोकरीत असताना लिहिलेला प्रत्येक कोड कंपनीचा. उद्या कोणाला कळलं तर नोकरीही जाईल आणि प्रोग्रामही.

दोन दिवस पहाटेचा वेळ शोधण्यात गेला. पहिली साइट फुकट, पण फुकटात ठेवलेलं सगळं जगजाहीर. दुसरीवर खासगी जागा फुकट मिळते, पण एकट्यापुरती, दुसऱ्या कोणाला दाखवायचं तर दाम मोजा. तिसरी तीस दिवस गोड बोलते आणि मग कार्ड मागते. चौथी मला फार आवडली होती, पण तिच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की आम्ही बंद होतोय, मेअखेर आपापलं सामान घेऊन जा. फुकटाच्या जागेत राहायचं म्हणजे मालकाच्या मूडवर राहायचं.

शनिवार, १३ जानेवारी

मिळाली. पाच जणांपर्यंत फुकट, पूर्ण खासगी, शिवाय चुका नोंदवायला वेगळं पान. फक्त मोबाइल नंबर हवा, त्यावर ओटीपी येतो.

खातं संचिताच्या नावावर उघडलं. यात नवीन काही नाही. बाबा सरकारी नोकरीत असताना त्यांची स्टेशनरीची एजन्सी आईच्या नावावर होती. पंचवीस वर्षं प्रोप्रायटर म्हणून वासंती पेडणेकर असा शिक्का होता आणि आईला गोदाम कुठे आहे हेही माहीत नव्हतं. शेजारच्या साहेबांचा क्लास त्यांच्या मिसेसच्या नावावर आहे. नाव बायकोचं, काम आपलं, सगळं जग असंच चालतं.

इथे मात्र एक जास्तीची गोष्ट करावी लागली. कोडमध्ये बदल करून चढवला की त्यावर करणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ पडते आणि ती कायम राहते. म्हणून नव्या लॅपटॉपवरही नावाच्या जागी संचिताच घातलं. आता बदल मी करणार आणि इतिहासात ती दिसणार. मला उगाच हसू आलं.

ओटीपी सांगताना तिने विचारलं, "खासगी म्हणजे नेमकं कोणापासून लपवायचंय?" मी म्हटलं, सगळ्यांपासून. ती म्हणाली, मग ठीक आहे, आणि कुकर लावायला गेली.

बुधवार, ३१ जानेवारी

नीला मॅडमच्या लॅबमध्ये प्रोग्राम सुरू झाला. संचितानेच त्यांना गळ घातली. मॅडमना वाटतं ती आणि तिचे कोणी ओळखीचे मिळून करतात, मी तसंच सांगायला सांगितलंय.

आणि पहिल्या आठवड्यातच तिने चुका नोंदवायच्या पानावर बावीस नोंदी टाकल्या. दुपारी डबा खाता खाता मोबाइलवरून लिहीत असणार. मी ऑफिसात जेवतो तेव्हा एकेक येऊन पडते. पेशंटचं नाव लांब असेल तर खालची ओळ कापली जाते. एकाच घरातल्या दोघांचे रिपोर्ट एकत्र छापता येत नाहीत. लघवीच्या रिपोर्टवर रंग निवडताना पिवळा सर्वात शेवटी का.

पिवळा शेवटी का, म्हणे. अडीच वर्षांच्या कामात हिला हे दिसलं.

शनिवार, १० फेब्रुवारी

नोंदी एकेचाळीस झाल्या. एकेचाळिसावी जशीच्या तशी उतरवतो, म्हणजे मी कशाकशाला तोंड देतो ते कळेल.

"नऊ दिवसांचं बाळ होतं. वय ९, पुढे 'दिवस' निवडलं, सेव्ह केलं. परत उघडलं तर ९ वर्षं दिसतंय. मग हिमोग्लोबिनची रेंज नऊ वर्षांच्या मुलाची येते. तान्ह्या बाळाची वेगळी असते. मी आज हाताने दुरुस्त केलं, पण हे आधी कर."

'आधी कर.' घरात समोर बसलेली असताना हे लिहून पाठवायचं. मी म्हटलं, अगं बोलायचं ना. ती म्हणाली, बोललेलं तू विसरतोस, लिहिलेलं राहतं. तसं ती जेवताना एकदा बोलली होती बहुतेक.

बघीन. तो वयाचा भाग मी फार पूर्वी लिहिलाय, हात घातला की चार ठिकाणी मोडेल.

रविवार, १८ फेब्रुवारी

डोंबिवलीहून कमलेशचा फोन. कॉलेजात एका बाकावर बसायचो, आता त्याची तिकडे सहा कलेक्शन सेंटर आहेत. त्याला प्रोग्राम सहाही ठिकाणी हवाय, पाडव्यापासून. उद्या शिवजयंतीची सुट्टी आहे तर येतो म्हणाला, आणि त्याला तो ऑनलाइन ठेवलेला सगळा पसाराही बघायचाय, कारण मागच्या सॉफ्टवेअरवाल्याने त्याला फसवलं होतं.

पसारा म्हणजे संचिताच्या नोंदीही. सतरा उघड्या होत्या, लाल ठिपक्यांची ओळच्या ओळ. पाहुणे यायच्या आधी आपण घर आवरतो, तसं सकाळी बसून सतराही बंद केल्या. सहा मिनिटं लागली. नंतर निवांत करायच्या आहेतच, माझ्या डोक्यात आहेत. पान एकदम स्वच्छ झालं.

संचिता माझ्या आईबरोबर टेंभी नाक्यावर कोणाच्या तरी बारशाला गेली होती. आल्यावर सांगायचं राहून गेलं.

सोमवार, १९ फेब्रुवारी

कमलेश खूश. "एकही तक्रार बाकी नाही? मानलं यार तुला," म्हणाला. सगळीकडे संचिताचं नाव बघून मात्र भुवया वर गेल्या. मी कंपनीची भानगड सांगितली. तो हसला, म्हणाला, कागद मग वहिनींच्याच नावाने करू, मला काय, रिपोर्ट नीट निघाल्याशी मतलब. त्यालाही खात्यात सामील करून घेतलं, तेव्हा पाचातली दुसरी जागा भरली.

रात्री जेवताना संचिताने मोबाइल बघत विचारलं, "सगळ्या केल्यास? एका दिवसात?" मी आमटी वाढून घेत होतो. म्हटलं, हो, बसलो काल. तिच्या चेहऱ्यावर इतकं बरं वाटल्यासारखं आलं की मीही खूश झालो. तिने पानातला तिचा बटाटेवडा मला दिला.

गुरुवार, ७ मार्च

वाईट झालं.

नऊ नाही, अकरा दिवसांचं बाळ. सोमवारी लॅबमध्ये रक्त आलं होतं. हिमोग्लोबिन ११.८. अकरा वर्षांच्या मुलाला ते नॉर्मल, अकरा दिवसांच्या बाळाला बरंच कमी. रिपोर्टवर काहीच ठळक झालं नाही. सकाळची गर्दी, मॅडमनी सह्यांच्या गठ्ठ्यात सही केली. बाळाचे डॉक्टर गावाला गेले होते, घरच्यांनी रिपोर्टवर सगळं नॉर्मल बघितलं आणि दोन दिवस थांबले. काल बाळ पांढरं पडलं तेव्हा धावपळ झाली. आज ते दवाखान्यात आहे, रक्त चढवलंय. धोका नाही असं म्हणतात.

संचिता संध्याकाळी घरी आली ती चपला न काढता खुर्चीवर बसली. म्हणाली, मी रोज लहान बाळांचं वय हाताने तपासत होते. एकेचाळीस नंबरची नोंद बंद झालेली बघितली आणि तपासायचं सोडलं.

मी म्हटलं, बाळ बरं आहे ना, मग झालं तर. मला तेवढंच सुचलं.

शुक्रवार, ८ मार्च

आज तिने मॅडमना मोबाइल दाखवला. मी ही चूक महिन्यापूर्वी नोंदवली होती हे दाखवायला म्हणून तिने पान उघडलं, आणि मॅडमनी वाचलं ते असं: नोंद करणारी, संचिता. बंद करणारी, संचिता.

साहजिक आहे, खातं एकच, लॉगिन एकच. मी काय किंवा तिने काय, साइटला ती एकटीच दिसते. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे आलं असतं तरी काय वेगळं केलं असतं कोण जाणे.

मॅडम म्हणाल्या, चूक दिसली होती तरी तू ती दाबलीस, हे चुकीपेक्षा वाईट आहे. संचिताने सांगितलं, प्रोग्राम माझा नवरा लिहितो आणि बंदही त्यानेच केलं. त्यांनी उद्या दोन वाजता मला बोलावलंय. तिने हे सगळं मला सांगितलं आणि एवढंच म्हणाली, "तू खरं काय ते सांग, बस." मी म्हटलं, अर्थातच.

शनिवार, ९ मार्च

जे झालं ते लिहितो.

लॅब बंद करून मॅडम आत बसल्या होत्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, मला बाळाच्या डॉक्टरांना लेखी उत्तर द्यायचंय. प्रोग्राम कोण लिहितं, नोंद कोणी बंद केली, ते मला तुमच्याकडून सही करून हवंय. आणि तुम्ही कुठे नोकरी करता हेही त्यांनी विचारलं.

सही म्हटल्यावर मला पुढचं सगळं दिसलं. तो कागद बाळाच्या डॉक्टरांकडे, तिथून बाळाच्या वडिलांकडे, तिथून कुठेही. एप्रिलचा फॉर्म तीन आठवड्यांवर. घर माझ्या नोकरीवर चालतं. लॅबची नोकरी संचिताला चार ठिकाणी मिळेल, तिच्या हाताला तेवढं वळण आहे. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि तोंडून निघालं,

"मॅडम, प्रोग्राम संचिताचाच आहे. मी फक्त मदत करतो तिला."

संचिता माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे बघत होती. मॅडम तिला म्हणाल्या, मग तू तूर्त येऊ नकोस. तिने मान हलवली, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि आम्ही बाहेर पडलो.

घंटाळीच्या कोपऱ्यापर्यंत चालत आलो. मला वाटलं आता बोलेल, रस्त्यात तमाशा होईल. तिने विचारलं, घरात दूध आहे का. नव्हतं. तिने दूध घेतलं, घरी येऊन तापवलं, आईला चहा दिला आणि मग बॅग भरली.

रविवार, १० मार्च

कोपरला गेली, तिच्या आईकडे. राग उतरला की येईल. मी काही तिच्या वाईटासाठी केलं नाही, दोघांची नोकरी जाण्यापेक्षा एकाची गेलेली बरी, हा साधा हिशोब आहे. फोनवर समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, ऐकलं मी काल, आणि ठेवला.

आईला मी इतकंच सांगितलं होतं की लॅबमध्ये काहीतरी झालं. ती मटार सोलत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या बाबांनी पंचवीस वर्षं माझ्या सह्या घेतल्या. एकदा विक्रीकराचा माणूस आला तेव्हा हे आतल्या खोलीत बसले होते आणि मी बाहेर घाम पुसत होते." हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग तू काही बोलली नाहीस? ती म्हणाली, तेव्हा सुचलं नाही.

बुधवार, १३ मार्च

पासवर्ड चालत नाही. चार वेळा टाकला. 'विसरलात का' वर दाबलं तर ओटीपी तिच्या मोबाइलवर जातो.

पहाटे उठून वयाचा दोष दुरुस्त करायला बसलो होतो. खरंच बसलो होतो. आता दुरुस्त करून चढवू कुठे? फोन केला, उचलला नाही. मेसेज केला: संचिता, ओटीपी पाठव, अर्जंट आहे. पाठवल्यावर वाचून बघितला आणि वाटलं, चार दिवसांत मी तिला पाठवलेला हा पहिला मेसेज. त्यात आणखी काहीतरी असायला हवं होतं.

शुक्रवार, १५ मार्च

कमलेशचा फोन. "वहिनींनी थांबवायला सांगितलंय. वयाचा घोळ मिटेपर्यंत एकाही सेंटरवर टाकायचं नाही म्हणाल्या. तू तर म्हणालेलास काही बाकी नाही?" मी सारवासारव केली. तो म्हणाला, माझ्याकडे रोज पाच-सहा बाळं येतात रे.

चिडलो. माझ्या प्रोग्रामबद्दल परस्पर बोलायचा हिला काय अधिकार? मग आठवलं की ती मालक आहे. मीच तिला केलं आणि मीच मॅडमसमोर तसं सांगितलं.

शनिवार, १६ मार्च

आज एक गोष्ट जवळजवळ केली.

कोड माझ्या लॅपटॉपवर आहेच, फक्त त्याच्या पोटात इतिहास आहे, शेकडो बदल आणि प्रत्येकापुढे संचिता. तो इतिहास टाकून नुसता कोड उचलायचा, दुसऱ्या फुकट जागेत ठेवायचा. मग एकच ओळ राहते, आजची, आणि तिच्यापुढे जे नाव मी घालीन ते. दहा मिनिटांचं काम. कमलेशला सांगायचं, जागा बदलली.

नव्या साइटवर नाव विचारतात. माझं घालायची हिंमत नाही, तिचं आता घालता येत नाही. आईचं घालावं असं मनात आलं. वासंती एवढं टाइपही केलं. मग तिचं ते विक्रीकराच्या माणसाचं बोलणं आठवलं आणि मी खिडकी बंद केली. मला माझी लाज वाटली. हे लिहितानाही वाटतेय.

रविवार, १७ मार्च

कोपरला जाऊन आलो. सासूबाईंनी "या" म्हटलं, पाणी दिलं आणि देवळात जायचंय म्हणून निघून गेल्या, एरवी माझ्यासाठी कोंबडी आणायला धावतात.

संचिता गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, मला दोष दुरुस्त करायचाय, पासवर्ड दे. ती म्हणाली बाळ घरी गेलं, परवा. तिने चौकशी केली होती. मी केली नव्हती.

मग मी सगळं बोललो. नोकरी, फॉर्म, घर, आईची औषधं. तिने मध्ये तोडलं नाही. शेवटचा कपडा घालून झाल्यावर म्हणाली,

"अरे, मला नोकरीचं दुःख नाही. तिथे मी म्हटलं, माझा नवरा खरं सांगेल. मॅडमना मी असं सांगून तुला घेऊन गेलेले."

मी परत पासवर्ड मागितला.

"पासवर्ड नाही देणार. माझ्या नावाने आता दुसरं कोणी काही लिहिणार नाही. तू म्हणालास ना, फक्त मदत करतो. मग तुझ्या नावाने ये आणि मदत कर. आमंत्रण पाठवते."

मी म्हटलं, माझं नाव तिथे दिसलं तर काय होईल तुला माहीत आहे. ती म्हणाली, माहीत आहे, माझं दिसलं तर काय होतं तेही आता माहीत आहे. नंतर विचारलं जेवून जाणार का. मी नको म्हटलं, आणि तिने आग्रह केला नाही.

सोमवार, १८ मार्च

आमंत्रण आलंय. खात्यात आता तिघं आहेत: संचिता, कमलेश आणि डॉ. नीला राजवाडे. मॅडमनाही तिने आत घेतलं. मी चौथा. आमंत्रण स्वीकारताना एक रिकामा चौकोन येतो, तुमचं पूर्ण नाव.

चौकोन दिवसभर उघडा होता. ऑफिसात मीटिंगमध्येही तोच डोळ्यांसमोर. एचआरवाली बाई कॉफी घेताना सहज हसली तर मी मोबाइल खिशात टाकला.

बुधवार, २० मार्च

केलं. काल पहाटे सव्वापाचला अपूर्व पेडणेकर असं लिहिलं आणि आत गेलो. वयाचा दोष दुरुस्त केला, प्रोग्राम खरोखर चार ठिकाणी मोडला, दोन पहाटा लागल्या. तीन दिवसांचं, अकरा दिवसांचं, पाच महिन्यांचं, अकरा वर्षांचं, सगळी वयं घालून बघितली. शेकडो बदलांच्या खाली पहिल्यांदा माझं नाव पडलं. इतका मोठा धोका पत्करून ते तिथे एवढंसं दिसत होतं.

मग एकेचाळीस नंबरच्या नोंदीखाली लिहिलं: "ही नोंद १८ फेब्रुवारीला माझ्याकडून संचिताच्या लॉगिनमधून नजरचुकीने बंद झाली होती. आता दोष दुरुस्त केला आहे. अपूर्व." पाठवून टाकलं आणि अंग हलकं झालं. मॅडम वाचतील, कमलेश वाचेल. इतकं उघड कबूल करणारी माणसं कमी असतात.

गुरुवार, २१ मार्च

मॅडमचं उत्तर आलं, त्याच नोंदीखाली, इंग्रजीत, एका ओळीचं. शनिवारी दोन वाजता या, हेच कागदावर सविस्तर लिहून सही करून आणा.

संचिताने काहीच लिहिलेलं नाही. तिने वाचलंय एवढं दिसतं.

शुक्रवार, २२ मार्च

ऑफिसातून लवकर निघून पत्र लिहिलं. सही केली की परतीची वाट नाही हे कळतंय. कंपनीला उद्या कळेल, परवा कळेल किंवा कळणारही नाही, पण एप्रिलच्या फॉर्मवर या वर्षी मला सही करता येणार नाही. आईला सांगितलं. ती म्हणाली, बघू, आणि पोळ्या लाटत राहिली.

पत्र बरं झालं होतं. प्रोग्राम पहिल्या दिवसापासून मी लिहिला. नमुने, रेंज आणि चुका शोधणं हे संचिताचं, आणि त्याशिवाय प्रोग्राम झाला नसता. हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला आणि लिहिल्यावर ते खरं आहे असं दिसलं. एकेचाळिसावी नोंद तिने वेळेवर केली होती. ती माझ्याकडून नजरचुकीने बंद झाली. लॅबमध्ये मी खोटं बोललो.

सहा वाजता कोपरला फोन केला. तिने उचलला. म्हटलं, उद्याचं पत्र वाचून दाखवू का. ती हं म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली, मी थांबलो, मग सगळं वाचलं.  

तिने शेवटपर्यंत ऐकलं.  मग म्हणाली,

"नजरचुकीने काढ."

मी म्हटलं, काय?

"तो शब्द काढ, अपूर्व. तू बघून बंद केलीस. सतराच्या सतरा."

पेन हातातच होतं. मी तो शब्द खोडला आणि खोडल्याचं तिला सांगितलं. ती म्हणाली, आता स्वच्छ कागदावर परत लिही, खाडाखोड दिसायला नको, आणि तिने फोन ठेवला.